कर्ता, भागीदार, नोकर : दादासाहेब फाळके यांच्या नाशिकमधील उत्तरकाळाची एक बाजू

१

धुंडिराज गोविंद फाळके यांच्या चरित्राचा जो भाग सर्वांस परिचित आहे, तो १९११ मध्ये गिरगावात त्यांनी पाहिलेल्या ख्रिस्तचरित्रपर चित्रपटापासून सुरू होतो आणि 'लंकादहन'च्या (१९१७) यशापाशी जवळजवळ संपतो. त्यानंतर फाळके सव्वीस वर्षे जगले. ह्या सव्वीस वर्षांचा निर्देश चरित्रलेखक बहुधा 'उतरता काळ' अशा एखाद्या मथळ्याखाली करतात. भागीदारांशी पटले नाही, काशीस गेले, परत आले, बोलपट आला आणि मागे पडले, एवढ्या चार वाक्यांत त्या कालखंडाची वासलात लावली जाते. कारण विचारावे तर 'स्वभाव' हे एकच उत्तर हाती पडते. फाळके हट्टी होते, त्यांना कोणाचे ऐकून घेण्याची सवय नव्हती, असे सांगितले की इतिहास आपल्या जबाबदारीतून मोकळा होतो.

प्रस्तुत लेखात ह्या उत्तरकाळाकडे निराळ्या दृष्टीने पाहावयाचे आहे. १९२२ पासून फाळके हे नाशिक येथील एका कंपनीचे वेतन घेणारे अधिकारी होते. ज्या धंद्याचा पाया त्यांनी घातला, त्याच धंद्यात, ज्या गावी त्यांनी तो वाढविला त्याच गावी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी ते नोकर म्हणून परतले. त्यांच्यावर व्यवस्थापक होता. त्या व्यवस्थापकाशी त्यांचे जुळत नव्हते. हातातील काम किती दिवस टिकेल ह्याची शाश्वती नव्हती. आणि वय वाढत होते. हा प्रसंग केवळ एका थोर कलावंताच्या दुर्दैवाचा नाही. उतारवयातील कसबी माणूस आणि त्याच्या कामावर अधिकार चालविणारी संस्था ह्यांच्या संबंधाचा तो एक नमुना आहे, आणि म्हणूनच त्याची चिकित्सा सामाजिक इतिहासाच्या अंगाने होणे अगत्याचे आहे.

चित्रपटांच्या कलागुणांची चर्चा येथे केलेली नाही. फाळक्यांचे भागीदार दोषी होते की फाळके, ह्याचा निवाडा करण्याचाही हेतू नाही. फाळक्यांचे त्या कंपनीत नेमके स्थान काय होते, ते कसकसे पालटत गेले आणि ह्या पालटाला त्यांनी कसे तोंड दिले, एवढाच प्रश्न आहे.

२

प्रस्तुत लेखकाचा मूळ विषय भाषाशास्त्र असल्यामुळे ह्या प्रश्नाकडे त्याचे लक्ष प्रथम शब्दांच्या वाटेने गेले. मराठीत कामाच्या संबंधासाठी जे शब्द रूढ आहेत, त्यांतील पुष्कळ परकीय आहेत, आणि त्यांच्या मूळ अर्थांकडे पाहिले असता एक विलक्षण गोष्ट दिसून येते. 'नोकर' हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. फारसीने तो मोंगोल भाषेतून घेतला. मोंगोल भाषेत त्याचा अर्थ साथी, सरदाराच्या जोडीने लढणारा सोबती, असा होता. 'साहेब' हा शब्द अरबी. त्याच्या धातूचा अर्थ सोबत करणे असा असून त्याचाही मूळ अर्थ सोबती असाच आहे. इंग्रजीतून आलेल्या 'कंपनी' ह्या शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये असून एका भाकरीतले वाटेकरी ही त्यामागील कल्पना आहे. म्हणजे नोकर, साहेब आणि कंपनी ह्या तिन्ही शब्दांच्या तळाशी बरोबरीचा, सोबतीचा संबंध आहे. कालांतराने त्यांतील एक शब्द खाली गेला, दुसरा वर चढला आणि तिसरा त्या दोघांना एकत्र बांधणाऱ्या व्यवस्थेचे नाव झाला.

'पगार' हा शब्द पोर्तुगीज. फेडणे, चुकते करणे हा त्याचा अर्थ. पगार दिला की हिशेब फिटला, ही भावना त्या शब्दातच आहे. 'राजीनामा' म्हणजे राजी असल्याचा कागद. मुंबई इलाख्यातील महसूलपद्धतीत जमीन सोडणारा राजीनामा लिहून देई आणि ती घेणारा कबुलायत लिहून देई. पुढे तोच शब्द नोकरी सोडण्याच्या पत्रास लागू झाला. सोडणारा खरोखर राजी असतो की नाही, हे विचारण्याची सोय त्या शब्दात नाही.

ह्यांशिवाय आणखी एक शब्द ध्यानात घ्यावा लागतो, तो म्हणजे 'कर्ता'. हा घरचा शब्द आहे. एकत्र कुटुंबाचा कर्ता पुरुष कोणाचाही नोकर नसतो आणि रूढ अर्थाने मालकही नसतो. तो सर्वांसाठी कमावतो, सर्वांच्या वतीने कर्ज काढतो आणि निर्णय घेताना कोणास विचारीत नाही. त्याचा अधिकार करारातून आलेला नसतो. तो नात्यातून आलेला असतो. फाळक्यांच्या बाबतीत सगळा घोटाळा 'कर्ता' आणि 'कंपनी' ह्या दोन शब्दांच्या मधोमध झालेला आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

३

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईचे जे. जे. स्कूल आणि बडोद्याचे कलाभवन येथे त्यांनी चित्रकला, छायालेखन व मुद्रणाची निरनिराळी तंत्रे आत्मसात केली. १९०३ मध्ये त्यांना पुराणवस्तुसंशोधन खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून सरकारी नोकरी मिळाली. ती त्यांनी १९०६ मध्ये सोडली. सरकारी नोकरी आपण होऊन सोडण्याची ही गोष्ट त्या काळी सामान्य नव्हती, आणि पुढील सबंध आयुष्यात तसली स्थिर नोकरी त्यांच्या वाट्यास पुन्हा आली नाही.

नंतर त्यांनी लोणावळे येथे ठसे तयार करण्याचा व छपाईचा कारखाना काढला. पुढे तो मुंबईस आला आणि 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' ह्या नावाने नव्या भागीदारीत चालू लागला. रंगीत छपाईची यंत्रसामग्री व तंत्र ह्यांसाठी १९०९ मध्ये फाळके जर्मनीस जाऊन आले. तेथून परतल्यावर भागीदारांशी मतभेद झाले, आणि आपण उभारलेल्या कारखान्यातून ते रिकाम्या हाताने बाहेर पडले. वय त्या वेळी चाळिशीच्या घरात होते. १९१८ नंतर जे घडले, त्याची ही पहिली आवृत्ती होय. दोन्ही वेळी कसब फाळक्यांचे आणि पैसा दुसऱ्याचा होता; दोन्ही वेळी कसबाची किंमत कोणी ठरवावयाची, ह्या प्रश्नावरच गाडे अडले.

ह्या दोन प्रसंगांच्या मध्ये जी सहा-सात वर्षे आली, त्यांत मात्र फाळके खऱ्या अर्थाने कर्ते होते. १९१२ मध्ये ते लंडनला जाऊन यंत्रे घेऊन आले, ते विम्याच्या पॉलिसीवर पैसे उभारून. 'राजा हरिश्चंद्र'च्या निर्मितीत सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले. फितीला रात्री छिद्रे पाडण्याचे काम त्याच करीत, आणि सर्व मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याच हातचा असे. ३ मे १९१३ रोजी हा चित्रपट मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांपुढे आला. त्याच वर्षी फाळक्यांनी आपले बिऱ्हाड व कार्यशाळा नाशिकला हलविली. अण्णा साळुंके हे ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात महिना १० रुपयांवर काम करीत. फाळक्यांनी त्यांना १५ रुपये देऊ केले आणि तारामतीची भूमिका दिली. पुढे 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता ह्या दोन्ही भूमिका त्यांनीच केल्या. नाटकासिनेमात काम करतो म्हटले की लोक नाके मुरडीत. म्हणून आपण 'हरिश्चंद्राच्या फॅक्टरी'त कामाला आहोत असे सांगण्याची शिकवण फाळक्यांनी आपल्या माणसांना दिली होती, असे म्हणतात.

ही 'फॅक्टरी' वस्तुतः एक विस्तारलेले घर होते. तेथे पगार होता, पण पगारापेक्षा पंगत मोठी होती. अशा ठिकाणी चित्रीकरणास किती दिवस लागावेत, किती फूट फीत वाया जावी, कोणता देखावा पुन्हा घ्यावा, हे कर्ता ठरवी आणि तोट्याचा धनीही तोच होई. ही पद्धत फाळक्यांनी शोधून काढलेली नव्हती. महाराष्ट्रातील नाटक मंडळ्या ह्याच पद्धतीने चालत, आणि मालकाशी पटले नाही की कसबी नट बाहेर पडून आपली मंडळी काढीत. १९१३ मध्येच बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे ह्यांनी किर्लोस्कर मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली होती. रंगभूमीवर हे शक्य होते, कारण नटाचे भांडवल त्याच्या गळ्यात असते. चित्रपटाचे तसे नाही. कॅमेरा, फीत, रसायने आणि प्रयोगशाळा ह्यांवाचून चित्रपट करणाऱ्याचे कसब निरुपयोगी ठरते, आणि ह्या वस्तू ज्याच्या मालकीच्या, त्याच्या हाती त्या कसबाची नाडी जाते.

४

'लंकादहन'च्या यशानंतर फाळक्यांच्या कामास मोठे भांडवल मिळवून देण्याचे प्रयत्न सुरू झाले. लोकमान्य टिळक, मनमोहनदास रामजी व रतनजी टाटा ह्यांनी मर्यादित कंपनी काढण्याचा विचार त्यांच्यापुढे मांडला होता; तो फलद्रूप झाला नाही. त्याऐवजी वामन श्रीधर आपटे ह्यांच्या पुढाकाराने भागीदारीची योजना ठरली आणि १ जानेवारी १९१८ रोजी 'हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी' अस्तित्वात आली. आपटे हे व्यवस्थापक भागीदार झाले. मायाशंकर भट्ट प्रभृती पैसा पुरविणारे भागीदार होते. फाळके हे काम करणारे भागीदार ठरले. त्यांचे वय त्या वेळी सत्तेचाळीस होते.

ह्या रचनेचा कायदेशीर अर्थ समजून घेतला पाहिजे. हिंदुस्थानात भागीदारीचा स्वतंत्र कायदा १९३२ मध्ये झाला. तोपर्यंत १८७२ च्या कराराच्या कायद्यातील एका प्रकरणानेच हे संबंध नियंत्रित होत. भागीदारांनी आपसांत जे लिहून ठेवले असेल, तेच प्रमाण. फाळक्यांनी दीर्घ मुदतीचा करार करून आपले श्रम कंपनीस बांधून दिले होते. भांडवलदाराचा पैसा आणि कारागिराचे श्रम एकाच कागदावर आले की ते समान दिसतात. परंतु पैसा बाहेर बसून वाट पाहू शकतो, आणि श्रम करणाऱ्यास रोज सकाळी कामावर हजर व्हावे लागते. ज्याला 'काम करणारा भागीदार' म्हटले जाते, तो कामाच्या वेळी नोकर आणि तोट्याच्या वेळी भागीदार असतो, हा अनुभव फाळक्यांपुरता मर्यादित नाही.

'श्रीकृष्णजन्म' (१९१८) आणि 'कालियामर्दन' (१९१९) हे दोन्ही चित्रपट लोकप्रिय झाले. दुसऱ्यात फाळक्यांची कन्या मंदाकिनी हिने बाळकृष्णाची भूमिका केली. म्हणजे कलह सुरू झाला तो अपयशातून नव्हे, हे येथे नोंदवून ठेवले पाहिजे. भागीदारांस खर्चाचा अंदाज, कामाची मुदत आणि हिशेब हवा होता. फाळक्यांस ही कामात ढवळाढवळ वाटली. भागीदारांची बाजूही न्यायाने पाहिली तर तीत गैर काही नाही. दुसऱ्याचा पैसा गुंतला असता हिशेब मागणे हा व्यवस्थापकाचा धर्मच आहे. पण ज्याने विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून एक धंदा निर्माण केला, त्याला 'इतक्या फुटांत उरका' हा हुकूम कोणत्या भाषेत द्यावयाचा, हे त्या व्यवस्थेस ठाऊक नव्हते. कर्त्याला हुकूम देण्याचा शब्दच आपल्या व्यवहारात नाही.

फाळक्यांनी बाहेर पडण्याचे ठरविले. पण करारामुळे त्यांना सहजासहजी मोकळे होता येईना. राजी नसताना राहणे आणि राजी असूनही जाता न येणे, असा हा उलटा राजीनामा होता. अखेरीस ते कुटुंबासह काशीस निघून गेले आणि चित्रपटांतून निवृत्त होत असल्याचे त्यांनी 'नवयुग'मधून जाहीर केले. 'भारतीय चित्रपट' ही आपली लेखमाला त्यांनी १९१७-१८ मध्ये ह्याच मासिकात लिहिली होती. ज्या मासिकात धंद्याच्या जन्माची हकीकत सांगितली, त्याच मासिकात निरोपही घेतला. 'संदेश'कार अच्युत बळवंत कोल्हटकर ह्यांच्यासारख्या संपादकाने त्यांना परत फिरण्याची जाहीर विनंती केली, तरी त्यांचे मन वळले नाही.

काशीच्या वास्तव्यात त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले. तत्कालीन मराठी रंगभूमीवरील तो उपरोध होता. फाळक्यांनी आपल्या भागीदारांवर लिहिले नाही. शेजारच्या धंद्यावर लिहिले. ज्या मनुष्यास आपल्या वरिष्ठाविषयी थेट बोलता येत नाही, तो असेच शेजारचे विषय शोधतो, असा तर्क करण्याचा मोह होतो. परंतु तो तर्कच आहे, पुरावा नव्हे. १९२२ मध्ये हे नाटक मुंबईस रंगभूमीवर आले. त्याचे स्वागत बेताचेच झाले.

५

त्याच वर्षी फाळके नाशिकला परतले. आपट्यांच्याच बोलावण्यावरून ते आले. कंपनीस त्यांची गरज होती आणि त्यांना कामाची. ह्या वेळी त्यांचे पद 'निर्मितिप्रमुख व तांत्रिक सल्लागार' असे ठरले आणि वेतन महिना १,००० रुपये. त्या काळच्या मानाने ही रक्कम लहान नव्हती. साळुंक्यांच्या १५ रुपयांशी तुलना करता ती प्रचंडच वाटते. पण ह्या दोन आकड्यांत रकमेपेक्षा अधिक महत्त्वाचा एक फरक आहे. १९१३ मध्ये पगार ठरविणारे फाळके होते; १९२२ मध्ये पगार घेणारे फाळके होते. 'पगार' ह्या शब्दाचा अर्थ चुकते करणे असा असल्याचे वर सांगितलेच आहे. महिना १,००० रुपयांनी कंपनीने फाळक्यांचे देणे चुकते केले. धंद्यावरील त्यांचा पितृत्वाचा हक्क मात्र कोणत्याच रकमेत बसत नव्हता, आणि तो त्यांनी मनातून सोडलाही नव्हता.

'तांत्रिक सल्लागार' हे पद नीट पाहण्याजोगे आहे. सल्ला देणाऱ्याचे ऐकलेच पाहिजे असे नसते. ज्याचा शब्द अंतिम होता त्यास सल्लागार नेमणे, हा ज्येष्ठ माणसास सन्मानपूर्वक बाजूस बसविण्याचा सर्वत्र आढळणारा मार्ग आहे. कंपनीत आता इतर दिग्दर्शकही तयार झाले होते. त्यांतील कित्येकांना मूळ धडे फाळक्यांच्याच हाताखाली मिळालेले. ते ठरल्या खर्चात, ठरल्या मुदतीत काम उरकून देत. फाळक्यांचे नवे चित्रपट पूर्वीसारखे चालले नाहीत. आपट्यांशी पुन्हा खटके उडू लागले. फाळके मधूनच काम सोडून दूर होत आणि पुन्हा परतत. हे येणेजाणे जवळजवळ सात वर्षे चालले.

ह्या येण्याजाण्याची संभावना 'लहरीपणा' अशी केली जाते. परंतु त्याकडे एका वृद्धत्वाकडे झुकलेल्या कामगाराची रीत म्हणून पाहिले, तर त्यात एक सुसंगती दिसते. त्यांना दुसरीकडे जावयाचे तर मुंबईस जावे लागे. नाशिकच्या कार्यशाळेशी, तेथील माणसांशी आणि सामग्रीशी त्यांचे नाते तुटत नव्हते. पूर्ण सोडले तर काम संपते; पूर्ण राहिले तर स्वत्व संपते. म्हणून त्यांनी अधूनमधून अंतर राखून दोन्ही गोष्टी शक्य तितक्या टिकविल्या. वरिष्ठाशी न पटणारा अनुभवी माणूस रजा घेऊन, आजारी पडून किंवा मौन धरून जे साधतो, तेच फाळक्यांनी उघडपणे, निघून जाऊन साधले.

१९२७ मध्ये सरकारने दिवाणबहादुर टी. रंगाचारी ह्यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपटधंद्याच्या चौकशीसाठी समिती नेमली. तिचा अहवाल १९२८ मध्ये आला. ह्या समितीपुढे फाळक्यांची साक्ष झाली. हिंदुस्थानात हा धंदा आपण १९१२ मध्ये सुरू केला, असे त्यांनी सांगितले. सरकार दरबारी ते धंद्याचे जनक म्हणून बोलत होते. आपल्या गावी त्यांच्या कामाचा हिशेब दुसरा कोणी पाहात होता. एकाच मनुष्याच्या दोन भूमिकांमधील हे अंतर त्यांच्या उत्तरायुष्याचे खरे दुःख आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

६

आपट्यांपासून दूर होऊन फाळक्यांनी पुन्हा एकदा स्वतःची कंपनी काढण्याचा प्रयत्न केला. मायाशंकर भट्ट ह्यांच्या पैशावर 'फाळके डायमंड कंपनी' उभी राहिली आणि 'सेतुबंधन'चे काम सुरू झाले. साठीच्या उंबरठ्यावरील फाळके चित्रीकरणासाठी हंपी, मद्रास, रत्नागिरी अशा दूरदूरच्या ठिकाणी फिरले. पैसा संपला, काम अडले, आणि ते तडीस नेण्यासाठी शेवटी पुन्हा आपट्यांचाच आधार घ्यावा लागला. नवी कंपनी जुन्या कंपनीत विलीन झाली. ज्या व्यवस्थापकाशी आयुष्यभर पटले नाही, तोच अडचणीच्या वेळी उपयोगी पडला, ही गोष्ट आपट्यांच्या पक्षी नमूद करणे न्यायाचे होईल.

'सेतुबंधन' पुरा होईपर्यंत काळ पालटला होता. १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' प्रदर्शित झाला आणि मूकपटांचे दिवस भरले. 'सेतुबंधन'वर मागाहून ध्वनी चढविण्यात आला आणि १९३४ मध्ये तो त्या स्वरूपात लोकांपुढे आला. दरम्यान १९३२ मध्ये प्रभात कंपनीने 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट काढला. ही पुन्हा हरिश्चंद्राचीच कथा होती. एकोणीस वर्षांपूर्वी फाळक्यांनी ज्या कथेने आरंभ केला, तीच कथा आता तिशीच्या व्ही. शांतारामांनी बोलती केली. शांताराम, दामले, फत्तेलाल व धायबर हे बाबूराव पेंटर ह्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून १९२९ मध्ये बाहेर पडले होते. ते तरुण होते, चौघे मिळून निघाले होते आणि त्यांना पाठबळ मिळाले. फाळके एकटे होते. नोकरी सोडण्याचे धैर्य ही व्यक्तीच्या स्वभावाची गोष्ट मानली जाते. ते वयाच्या आणि सोबतीच्या हिशेबाचीही गोष्ट आहे, हे ह्या दोन प्रसंगांवरून स्पष्ट होईल.

१९३४ च्या अखेरीस कोल्हापूर सिनेटोनकडून फाळक्यांना बोलावणे आले. कोल्हापूरच्या राजाराम महाराजांचा त्या संस्थेस आश्रय होता. प्रथम त्यांनी नकार दिला. मग होकार दिला. चरित्रांत नोंदविल्याप्रमाणे कथालेखनाचे १,५०० रुपये आणि महिना ४५० रुपये असा करार झाला. १९२२ मधील १,००० आणि आताचे ४५०, ह्या दोन आकड्यांत बारा वर्षांचे वाढलेले वय आणि पालटलेले तंत्र ह्यांची किंमत दिसते. तथापि चौसष्टाव्या वर्षी गाव सोडून, आयुष्यात कधी न हाताळलेले ध्वनीचे तंत्र शिकत त्यांनी 'गंगावतरण' दोन वर्षांत पुरा केला. त्यास सुमारे अडीच लाख रुपये खर्च आला. ऑगस्ट १९३७ मध्ये तो मुंबईस प्रदर्शित झाला, तेव्हा फाळके सदुसष्ट वर्षांचे होते. त्यांनी दिग्दर्शित केलेला हा पहिला आणि शेवटचा बोलपट. 'नवे शिकता येत नाही' हा जो आरोप वयस्क कामगारावर सर्रास केला जातो, त्याला ह्याहून सबळ उत्तर शोधण्याची गरज नाही. चित्रपट चालला की नाही हा प्रश्न निराळा. शिकण्याची तयारी कोणाची कमी पडली, असे म्हणता येणार नाही.

हे केवळ नाशिकमध्ये घडले असे नाही. फ्रान्समधील जॉर्ज मेलियेस (१८६१-१९३८) ह्यांनी पाचशेहून अधिक लहानमोठे चित्रपट काढले, आणि पुढे धंदा बुडाल्यावर पॅरिसमधील मोंपार्नास रेल्वे स्थानकावर खेळणी व मिठाई विकली. १९३१ मध्ये त्यांना राष्ट्रीय सन्मान मिळाला आणि १९३२ मध्ये ओर्ली येथे चित्रपट व्यावसायिकांच्या परस्परसाहाय्य संस्थेने चालविलेल्या विश्रांतिगृहात जागा मिळाली. सन्मान आणि निवारा ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि निवारा संस्थेने दिला, ही बाब येथे मुख्यतः ध्यानात घ्यावयाची आहे.

७

फाळके नाशिकला परतले. १९३९ मध्ये मुंबईस भारतीय चित्रपटधंद्याचा रौप्यमहोत्सव झाला. त्या प्रसंगी शांतारामांच्या पुढाकाराने निर्मात्यांनी त्यांच्यासाठी निधी जमविला, आणि उतारवयात हक्काचे छप्पर उभारण्यास त्याचा उपयोग झाला. ज्या धंद्यात त्यांच्या नावावर सुमारे ९५ चित्रपट सांगितले जातात, त्याने त्यांना दिलेली ही थैली होती. ती कृतज्ञतेने दिली होती आणि कृतज्ञतेनेच घेतली गेली. पण थैली ही देणाऱ्याच्या चांगुलपणावर अवलंबून असते. ती मागण्याचा अधिकार घेणाऱ्यास नसतो. महायुद्धाच्या काळात चित्रपट काढण्यास सरकारी परवाना लागू लागला. १९४४ च्या जानेवारीत फाळक्यांनी अशा परवानगीसाठी लिहिले आणि त्यांना नकार आला, असे चरित्रकार सांगतात. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षीही त्यांनी काम मागितले होते, विश्रांती मागितली नव्हती.

त्यांच्या हयातीत कामगारविषयक काही कायदे झाले होते : नुकसानभरपाईचा १९२३ मध्ये, कामगार संघांचा १९२६ मध्ये, वेतन देण्याविषयीचा १९३६ मध्ये. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये आला. उपदानाचा १९७२ मध्ये. आणि खास चित्रपटकामगारांच्या नोकरीविषयीचा व कल्याणनिधीविषयीचा कायदा १९८१ मध्ये. त्यापूर्वी बारा वर्षे, म्हणजे १९६९ पासून, शासन दादासाहेब फाळके ह्यांच्या नावे चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च पुरस्कार देऊ लागले होते. आधी पुरस्कार आला आणि मागाहून कायदा आला, हा क्रम आपल्या समाजाच्या वृत्तीवर पुरेसा प्रकाश टाकतो. कसबी माणसाला 'जनक' म्हणणे आपणांस सोपे जाते. त्याच्या उतारवयाची तरतूद करारात लिहिणे अवघड जाते.

फाळक्यांनी प्रतिकूल व्यवस्थापनास तोंड देण्याचे जे मार्ग अवलंबिले, त्यांचा ताळेबंद असा मांडता येईल. निघून जाण्याने त्यांचे स्वत्व वाचले, परंतु कार्यशाळेवरील हक्क गेला. लिहिण्याने मन मोकळे झाले, पण अन्न मिळाले नाही. ठरीव पद व ठरीव वेतन घेऊन परतण्याने सात वर्षे काम मिळाले, आणि त्या मार्गाने जे मिळाले ते सर्वांत टिकाऊ ठरले. नवे भांडवल मिळविण्याच्या खटपटीने ते पुन्हा जुन्याच दारी आले. नवे तंत्र शिकण्याने त्यांना अखेरची संधी मिळाली. ह्या पाचही मार्गांत एक गोष्ट मात्र नव्हती, ती म्हणजे सोबत. त्यांच्याबरोबर काम करणारे पुष्कळ होते, त्यांच्या वतीने बोलणारी संघटना नव्हती. कर्त्या पुरुषास संघटनेची गरज वाटत नाही, आणि नोकर झाल्यावर ती उभी करण्याइतका वेळ उरलेला नसतो.

आपल्या महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत चाळिशी ओलांडलेले, विद्यावाचस्पति पदवी घेतलेले कित्येक अध्यापक तासिका तत्त्वावर शिकवीत आहेत, हे ह्या पत्रिकेच्या वाचकांस सांगावयास नको. प्रस्तुत लेखकाने स्वतः काही वर्षे त्याच रीतीने काढली आहेत, आणि दर उन्हाळ्यात पुढील वर्षाच्या पत्राची वाट पाहिली आहे. त्या पत्रावर सही करणाऱ्या वरिष्ठाचा राग धरून काही साधत नाही, हे त्यास अनुभवाने कळले. त्यांच्याही वर कोणी होते आणि त्यांच्याही हाती फारसे नव्हते. म्हणून फाळक्यांच्या उत्तरकाळाचा अभ्यास करताना आपटे बरोबर की फाळके बरोबर, ह्या वादात त्यास रस वाटला नाही. नोकर, साहेब आणि कंपनी हे तिन्ही शब्द एके काळी सोबतीचे शब्द होते, एवढीच गोष्ट मनात राहिली. भाषेच्या इतिहासात अर्थ एकदा सरकला की तो मागे नेता येत नाही. व्यवहाराच्या इतिहासात तो करारात लिहून मागे आणता येतो. आणि फाळक्यांच्या नाशिकमध्ये जे लिहिले गेले नाही, ते लिहिण्याचे काम त्यांच्या नावाचे पुरस्कार देणाऱ्या पिढ्यांवर येऊन पडले आहे.